आठ तारा आणि एक सासरेबुवा

पांढरा-नारिंगी

साडेअकराच्या सुमाराला जावईबापू टेबलाखाली शिरले आणि पावणेबारा झाले तरी बाहेर आले नाहीत.

जावईबापू हे त्यांना त्यांचे सासरे म्हणतात. कचेरीत ते अभिलेख विभागाचे मुख्य कारकून आहेत आणि तिथे त्यांना अशी हाक मारायची कुणाची छाती नाही. पण गोष्ट सासऱ्यांची आहे, तेव्हा आपण सासऱ्यांच्या बाजूने बोलू.

तर टेबलाखाली. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर नवा टेलिफोन आला होता. छोटा पडदा, पडद्यावर घड्याळ, कोपऱ्यात हिरवा दिवा. मागून एकच करडी तार आत गेलेली, बाकी काही नाही. ज्या माणसाने सव्वीस वर्षं कागदाला कागद लावून ठेवला, त्याला हे कसं चालावं? दिवा लागतोय म्हणजे वीज आहे. वीज आहे म्हणजे प्लग आहे. जावक आहे तिथे आवक असलीच पाहिजे, या न्यायाने ते गुडघ्यांवर बसले आणि आवक शोधत आत आत गेले.

संगणक विभागातल्या बाई आल्या तेव्हा त्यांना साहेबांचे फक्त बूट दिसले.

“साहेब, काही पडलं का?”

“याचा प्लग शोधतोय.”

“त्याला प्लग नाही.”

“मग वीज?”

“त्याच तारेतून येते.”

“आणि बोलणं?”

“तेही त्याच तारेतून.”

 टेबलाखालून आवाज आला, “एकमेकांत मिसळत नाही?”

बाईंनी खुर्ची ओढली. असा प्रश्न त्यांना नोकरीत पहिल्यांदाच कुणी विचारला होता. बाकीचे सगळे ‘चालू होत नाहीये’ एवढंच कळवतात. त्यांनी सांगितलं, की त्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात. दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. तार निघते पलीकडच्या खोलीतल्या एका खोक्यातून. आणि ते खोकं काही उठल्यासुटल्या वीज सोडत नाही. आधी अगदी हलकी टिचकी मारून विचारतं, बाबा रे, तुला वीज चालते का? समोरच्या यंत्राने ठरलेली खूण दिली तरच पुढे विचारतं, किती लागेल? मग तेवढीच देतं. खूण आली नाही तर नुसते निरोप पोचवतं, विजेचं नावही काढत नाही.

जावईबापू बाहेर आले तेव्हा डोक्याला कोळिष्टक होतं आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणाचं तरी तान्हं बाळ पाहून आल्यासारखा भाव.

“विचारून देतं!” असं त्या दिवसात ते चौघांना म्हणाले. चौघांनीही ‘हो का’ म्हटलं आणि आपापल्या कामाला लागले. मोठ्या गोष्टींचं हे असंच असतं.

नारिंगी

घरी सासरेबुवा खुर्चीत होते.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्यांना खुर्चीत ठेवणं ही वेगळी गोष्ट. खुब्याचं हाड जोडून सहा आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की आधाराशिवाय उठायचं नाही. पण सासरेबुवांचं आयुष्य टेलिफोन खात्यात, जमिनीखाली बसून तारा जोडण्यात गेलेलं. “घंटी वाजतेय आणि मी बसून आहे, असं माझ्या हातून व्हायचं नाही,” असं ते म्हणत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभाला डॉक्टरांनी नुकताच स्टीलचा खिळाही मारला होता.

आणि घंटी वाजायची. इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, खालचं फाटक कायम बंद. घंटीचं बटण फाटकावर. वाजली की ज्याच्याकडची घंटी त्याने गॅलरीत जायचं, वाकून कोण आहे ते ओरडून विचारायचं आणि कापडी पिशवीत किल्ली घालून ती दोरीने खाली सोडायची. पाहुण्याने फाटक उघडायचं, किल्ली परत पिशवीत टाकायची, पिशवी वर. सगळी इमारत वर्षानुवर्षं असंच करत आली आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग गेल्या मंगळवारी जावईबापू कचेरीत आणि त्यांची बायको शाळेत शिकवायला गेलेली असताना पोस्टमनने घंटी वाजवली. सासरेबुवा काठी घेऊन गॅलरीत गेले, पिशवी उचलली आणि तिथेच खाली बसले. बसले म्हणजे पाय सरकला. पुढची वीस मिनिटं ते कठड्याच्या जाळीतून खाली सांगत होते, “जरा थांबा, मी बसलोय.”

लागलं काही नाही. पण बातमी थोरल्या मुलीपर्यंत गेली. थोरली म्हणजे जावईबापूंच्या बायकोची ताई, दुसऱ्या शहरात राहते, शाळेची मुख्याध्यापिका. तिने फोनवर पाच मिनिटांत निकाल दिला.

“रविवारी अकराला गाडी घेऊन येते. बाबांना घेऊन जाते. माझ्याकडे तळमजला आहे, दिवसभर बाई आहे.”

“ताई, मी करते ना काहीतरी व्यवस्था.”

“कर. रविवारी मी फाटकाशी उभी राहीन. बाबांनी खुर्चीतून न उठता दार उघडून दाखवलं तर ठेव त्यांना. नाहीतर बॅग भरून ठेव.”

बायकोने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी परत धुतली.

सासरा जाणार म्हटल्यावर जावयाला आतून बरं वाटतं, असा जगाचा समज आहे. जावईबापूंनी स्वतःच्या मनात ते बरं वाटणं शोधून पाहिलं, सगळे कप्पे उघडून, हरवलेली फाईल शोधावी तसं. सापडलं नाही. उलट भलतंच हाती लागलं. रोज संध्याकाळी ते घरी आले की सासरेबुवा विचारत, “आज कुठली फाईल सापडली?” आणि उत्तर ऐकून घेत, शेवटपर्यंत. अभिलेख विभागात काय चालतं हे सव्वीस वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलेलं नव्हतं. बायकोनेही नाही, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

“वीज आणि बोलणं एकाच तारेतून नेता येतं,” ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले. “फाटकावर कॅमेरा, बोलायला माईक आणि विजेवर उघडणारी कडी. बाबांच्या खुर्चीशी पडदा आणि एक बटण. मध्ये चाळीस मीटर तार.”

“कोण बसवणार?”

इथे शहाण्या माणसाने थोडं थांबून उत्तर द्यायला हवं होतं.

पांढरा-हिरवा

बुधवारी खोकी आली. जेवणाच्या टेबलावर तार, पडदा, फाटकाचं यंत्र आणि सगळ्याच्या मध्यभागी ते विचारून देणारं खोकं. सासरेबुवा खुर्चीतून बराच वेळ बघत राहिले.

“जावईबापू.”

“बोला बाबा.”

“एक विचारू? रागवू नका. हे सगळं तुम्ही करताय, ते—”

घंटी वाजली. सासरेबुवांचा हात काठीकडे गेला. “बसा!” म्हणून जावईबापू ओरडले, तार पायात अडकली, खोकं वाचलं, ते स्वतः वाचले नाहीत.

निळा

घंटी वायरमनची होती. त्याने लंगडणाऱ्या गृहस्थांकडे पाहिलं, तार दोन बोटांत धरली आणि विचारलं, “हिच्यातून निरोप जातात?”

“हो. आणि वीजही.”

“निरोप जातात ना? मग ही माझी नाही. उद्या तुमचा निरोप पोचला नाही तर मला धराल.”

इंटरनेट कंपनीचा माणूस जिन्यातच भेटला. तो म्हणाला, “वीज जाते? मग हात लावायचा नाही. आम्हाला लेखी आहे.”

दोघे पहिल्या मजल्यावर समोरासमोर आले तेव्हा तारेचं भेंडोळं वायरमनच्या हातात होतं. त्याने ते दुसऱ्याला दिलं. दुसऱ्याने परत दिलं. ‘तुमचं आहे’, ‘छे छे, तुमचंच’ असा फार सभ्य आग्रह चालला आणि शेवटी भेंडोळं पायरीवर ठेवून दोघेही मिळून चहाला गेले.

सोसायटीच्या नियमांतही तीच गत. नियम चौदा: बाहेरच्या भिंतीवरून विजेची तार नेण्यास परवानाधारक वायरमनचा दाखला. नियम पंधरा: टेलिफोन किंवा तत्सम तार नेण्यास कंपनीचा दाखला. दोन्ही असलेली तार नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नात आली नव्हती. जावईबापूंनी अर्ज लिहायला घेतला.

*विषय: तिसऱ्या मजल्यावरून फाटकापर्यंत एक तार सोडण्याबाबत.*

*महोदय, सदर तार विजेची नाही.* (खोडलं.)

*सदर तार विजेची आहे, पण तशी नाही.* (खोडलं.)

*सदर तार मुळात निरोपांची असून जाता जाता थोडी वीज नेते.* (खोडलं. ‘जाता जाता’ अर्जात शोभत नाही.)

*सदर तारेत जे काही आहे ते माझ्या सासऱ्यांना उठावं लागू नये म्हणून आहे.*

हे ठेवलं. सही केली, तारीख घातली, दोन प्रती काढल्या. तिसरी स्वतःच्या फायलीसाठी.

पांढरा-निळा

कार्यवृत्त.

स्थळ: तिसरा मजला, सासरेबुवांच्या खुर्चीसमोर (अध्यक्षांना जागेची पाहणी करायची होती). दिवस: शुक्रवार. हजर: अध्यक्ष (निवृत्त हिशेबतपासनीस), पहिल्या मजल्यावरच्या वहिनी, दुसरा मजला, संपूर्ण. सुरुवातीला शांतता होती.

विषय पहिला: ही तार आहे की वायर?

अध्यक्ष म्हणाले, की तार ती तार आणि वायर ती वायर. दुसऱ्या मजल्याने याला अनुमोदन दिलं. मग याचा अर्थ काय, असं कुणीतरी विचारलं, आणि त्याचं नाव नोंदवून घेतलं गेलं.

वहिनी म्हणाल्या, की त्यांच्या गॅलरीवरून ती तार जाणार, त्यांचे ओले कपडे तिथेच वाळत असतात, आणि करंट असलेली तार त्यांना चालणार नाही. “माझं एक सोडा, पण आमच्या ह्यांच्या बनियनला काही झालं तर?”

दुसऱ्या मजल्याने सुचवलं, की वीज आणि निरोपांसाठी दोन वेगळ्या तारा टाकाव्यात. अजून एक सूचना अशी, की सासरेबुवांनीच खाली राहायला जावं. जावईबापू खोक्याच्या विचारपुशीबद्दल बोलायला उभे राहिले. “आधी हलकी टिचकी मारतं,” म्हणाले, आणि वहिनींनी ‘टिचकी’ एवढंच ऐकून पदर सावरला.

इथपर्यंत कार्यवृत्त नीट लिहिता येतं. पुढचं येत नाही, कारण खुर्चीतून आवाज आला.

“अध्यक्ष, तुमच्याकडे काळा फोन होता ना? तबकडीचा?”

“होता की. तीस वर्षं.”

“त्याचा प्लग कुठे होता?”

  हिशेबतपासनीसाच्या चेहऱ्यावर तीस वर्षांची एक राहून गेलेली नोंद उमटली.

“वीज गेली तरी फोन चालायचा की नाही? सगळीकडे अंधार आणि तुम्ही मेणबत्ती लावून वीज कंपनीलाच फोन करायचात. कशाच्या जोरावर? आमच्या एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांच्या. अठ्ठेचाळीस व्होल्ट, त्याच जोडीतून, ज्यातून तुम्ही बोलायचात. तुम्ही सगळ्यांनी आयुष्यभर ते कानाला लावलंय. आणि ह्यांच्या खोक्यातही पन्नासच्या आसपासच आहे, खोक्याबरोबर आलेली चिठ्ठी मी वाचून घेतली मुलीकडून.”

“म्हणजे तेव्हा करंट होता?” वहिनींनी कानाला हात लावला.

“वहिनी, तुमच्या लग्नाची बोलणी फोनवर झाली ना?”

“हो.”

“करंट लागला?”

“तेव्हा नाही,” वहिनी म्हणाल्या, “नंतर.”

दुसरा मजला इतका हसला की अध्यक्षांना सभा दोनदा पुढे चालू करावी लागली. शेवटी ठराव झाला: सदर तार ही नियम पंधराखालील जुनीच तार समजण्यात यावी, दाखला म्हणून सासरेबुवांची सही चालेल. सासरेबुवांनी सही केली. खाली हुद्दा लिहिला, जो अकरा वर्षांपूर्वी संपला होता. आणि जावईबापू, जे हीच गोष्ट तीन दिवस सगळ्यांना सांगत फिरत होते, ते पाहुण्यांचे कप उचलत होते.

हिरवा

“—कोणासाठी?”

बुधवारी घंटीने तोडलेलं वाक्य सासरेबुवांनी शनिवारी दुपारी तिथूनच उचललं. मधल्या काळात त्यांनी ते गुंडाळून व्यवस्थित ठेवलं होतं.

जावईबापू नुकतेच वर आले होते. तार खाली सोडून झाली होती, म्हणजे तीन वेळा. पहिल्यांदा ती वहिनींच्या गॅलरीत शिरली आणि वर ओढली तेव्हा सोबत एक टॉवेल आला. दुसऱ्यांदा टोकाला वजन म्हणून कुलूप बांधलं, ते अध्यक्षांच्या टोपीला लागलं. (“डोक्याला नाही, टोपीला,” हे जावईबापूंनी तीनदा स्पष्ट केलं.) तिसऱ्यांदा दुसऱ्या मजल्याने ‘सोडा, सोडा, थांबा, सोडा’ अशी एकाच वेळी तीन तोंडांनी दिशा दिली. खिळे मारताना शिडीवर पँट गुडघ्याला फाटली. घरात आले तेव्हा बायको म्हणाली, “दुसरी घालू नका, तीही फाटेल.”

“कोणासाठी म्हणजे?” जावईबापू म्हणाले. “तुमच्यासाठी.”

“मला विचारलंत?”

जावईबापूंच्या हातात तारेचं टोक होतं. त्यांनी ते खाली ठेवलं.

“तुमचं ते खोकं आठवडाभर ऐकतोय. विचारून देतं, विचारून देतं. थोरली मला न्यायला येणार. धाकटी मला ठेवून घेणार. तुम्ही तार टाकणार. मी काय पार्सल आहे का?”

स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला होता, म्हणजे तिथेही ऐकलं जात होतं.  कचेरीत जावईबापूंनी मोठमोठ्या अधिकाऱ्यांना ‘ही फाईल आपण नेली होती का’ असं विचारलं होतं. हा प्रश्न त्याहून जड निघाला.

“बाबा, तुम्हाला इथे राहायचंय का?”

सासरेबुवांनी काठीने तारेच्या टोकाकडे खूण केली. म्हणाले, “आधी तार बोलू दे. मग मी बोलतो.”

एवढंच. मग जावईबापू प्लग बसवायला बसले. संगणक विभागातल्या बाईंनी रंगांच्या क्रमाचा कागद दिला होता. पहिल्या दोन नारिंगी, ठीक. शेवटच्या दोन तपकिरी, ठीक. पण मध्ये हिरव्या जोडीतली एक तिसऱ्या जागी आणि दुसरी थेट सहाव्या, आणि दोघींच्या मध्ये निळी जोडी ठाण मांडून बसलेली. सव्वीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना चूक तात्काळ दिसली. टंकलेखकाची डुलकी, दुसरं काय. अशा चुका त्यांनी आयुष्यात शेकड्याने पकडल्या होत्या. त्यांनी लाल पेनाने क्रम दुरुस्त केला, हिरवीशेजारी हिरवी, निळीशेजारी निळी, बाजूला सही आणि तारीख घातली, आणि दोन्ही टोकांना तसंच बसवलं. सात प्लग वाया गेल्यावर आठवा आणि नववा जमला.

पांढरा-तपकिरी

संध्याकाळी फाटकावरच्या यंत्राचा दिवा लागला.

निळा, गोल, शांत. चाळीस मीटरवरून, भिंतीत कुठेही प्लग नसताना. तिन्ही मजले गॅलरीत आले. अध्यक्षांनी टोपी काढली, मग कुलूप आठवून परत घातली. जावईबापू फाटकाशी उभे राहून त्या दिव्याकडे बघत होते, आणि ते डोळे पुसत होते असं वहिनींचं म्हणणं आहे. त्यांचं स्वतःचं म्हणणं धूळ असं आहे.

वर पडद्यावर मात्र चित्र आलं नाही. ‘जोडणी होत आहे’ अशी अक्षरं, मग क्षणभर फाटकाचा एक तुकडा, मग परत तीच अक्षरं. जावईबापूंनी खोकं बंद करून चालू केलं. दुसऱ्या मजल्याने पडदा पुसायला सांगितला. वहिनींनी वरून खालपर्यंत तार हलवून बघितली. रविवारी सकाळी नऊपर्यंत जोडणी होतच होती. बायकोने कपाटावरून बॅग काढली आणि बाबांच्या घड्या केलेल्या सदऱ्यांशेजारी ठेवली.

 आता सासरेबुवा म्हणाले, “दिवा लागतो?”

“लागतो.”

“पण बोलायला गेलं की तुटतं?”

“हो.”

“जोडी फुटलीये.”

“तार नवी आहे, बाबा.”

“तार नाही म्हणालो. जोडी म्हणालो. इकडचं टोक आणा.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मोतीबिंदू वाढत चाललेले, नारिंगी, हिरवा, तपकिरी, त्यांना सगळे एकाच भावाचे. त्यांनी प्लगमागचं आवरण सोललं आणि आठही तारा बोटांवर घेतल्या. “पांढऱ्या तेवढ्या दिसतात. बाकी बोटांना कळतं. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असतो, एकीचा घट्ट, एकीचा सैल. ही घट्ट, कुठली गं?”

“हिरवी,” मुलगी म्हणाली.

“झालं. आता सांगू नकोस.” बोटं पुढे सरकली. “ही हिरवी तिसरी, तिची जोडीदार चौथी. आणि यंत्र बोलताना धरतं तिसरी आणि सहावी. तुमच्या त्या चिठ्ठीत चित्र होतं. म्हणजे तुम्ही एका जोडीतली एक आणि दुसरीतली एक अशी मोट बांधलीत. विजेला काय, वाट मिळाली की ती जाते. बोलण्याला जोडीदार लागतो. दोघींचा पीळ एक असला तर बाहेरचा गोंगाट आत येत नाही. एकदा एक जोडी फुटली होती तर आठवडाभर एका वकिलाच्या फोनवर शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडची माणसं ओरडत होती. अशिलं घाबरून दुसरीकडे जायला लागली.”

“पण मी तर जोड्या शेजारी-शेजारी बसवल्या!”

“शेजारी बसून जोडी होत नाही, जावईबापू.”

“लिहून घ्या हो,” बायको म्हणाली.

जावईबापूंनी खिशातला कागद काढला. छापलेला क्रम बरोबर होता. चूक त्यांच्या सहीची होती, तारखेसकट. सव्वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा स्वतःची दुरुस्ती खोडली.

वरचं टोक सासरेबुवांनी केलं. न बघता, चहाचा कप हातात धरताना हलणाऱ्या त्याच बोटांनी, आणि पहिल्या प्लगमध्ये. जावईबापूंना तो सोहळा बघत बसायचं होतं. आयुष्यात इतकं नीट केलेलं काम त्यांनी क्वचितच पाहिलं होतं, आणि ते माणूस त्यांच्या घरात सहा आठवडे नुसतं बसून होतं. पण दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

खालचं टोक त्यांनी फाटकाशी गुडघे टेकून केलं. वहिनी कागदावरून रंग मोठ्याने वाचत होत्या. “पांढरा-हिरवा. आता निळा. नाही हो, निळा! भाऊजी, हा जांभळा कुठून आणलात?” तो जांभळा नव्हता, जावईबापूंचा अंगठा होता, शनिवारी त्यावर हातोडी पडली होती.

प्लग आत गेला. दिवा लागला. आणि गाडी वळली.

तपकिरी

थोरली गाडीतून उतरली. तिने फाटकाशी जमिनीवर बसलेल्या मेहुण्याकडे पाहिलं: फाटका गुडघा, जांभळा अंगठा, केसांत तारांचे रंगीत तुकडे.

“भाऊजी, काय झालं तुम्हाला?”

“काही नाही ताई. दाबा.”

तिने बटण दाबलं. एक सेकंद काही नाही. दुसरा सेकंद. जावईबापूंनी डोळे मिटले.

“कोण?” फाटकातून सासरेबुवांचा आवाज आला, शेजारी उभं राहून बोलल्यासारखा.

“मी, बाबा.”

“दिसतेयस. बारीक झालीस. ही गाडी नवीन वाटतं?”

“उठलात का तुम्ही?”

“खुर्चीत आहे.”

“खरं सांगा.”

“खुर्चीतच आहेत, ताई,” मागून धाकटीचा आवाज आला. तो जरा ओला होता, आणि तेही तारेतून स्वच्छ ऐकू आलं.

थोरलीने दोन पावलं मागे जाऊन तार वरपर्यंत नजरेने तपासली. मुख्याध्यापिका होती ती. दाखवलेलं काम बघून घ्यायची. “बरं,” ती म्हणाली. “केलंय खरं. उघडा, वर येऊन बोलू.”

कडी उघडली नाही.

“वर येऊन नाही,” फाटक म्हणालं. “वर आलीस की तू बोलतेस आणि मी हो म्हणतो. चाळीस वर्षं हेच चाललंय. आत्ता बोलू. मी इथे राहतोय. तू हो म्हण, मग दार.”

वहिनी अजून जागच्या हलल्या नव्हत्या, अध्यक्ष एव्हाना कसलीतरी पाहणी करायला खाली आले होते आणि दुसरा मजला गॅलरीत होता, संपूर्ण. थोरलीला ते सगळे दिसत होते. ती फाटकाजवळ तोंड नेऊन हळू आवाजात म्हणाली, “बाबा, माझ्याकडे काय कमी आहे?”

“काहीच नाही. तेच तर. तुझ्याकडे सगळं नीट चालतं, मी तिथे काय करू? इथल्या माणसाला चार जोड्या धड लावता येत नाहीत. बरोबर छापलेलं खोडून चूक लिहितो आणि खाली सही करतो. हा कालपासून खपतोय, आणि तार बोलायला लागली ती मी हात लावल्यावर. इथे मी लागतो.”

दुसरा मजला हसला. अध्यक्षांनी टोपी चेहऱ्यावर ओढली. जावईबापू फाटकाशी बसले होते, चार लोकांत अब्रूचं खोबरं झालेलं, आणि त्यांना आठवेना की यापूर्वी कधी कुणी त्यांचं इतकं कौतुक केलं होतं.

थोरलीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. गुडघा. अंगठा. केस.

“हे मात्र पटलं,” ती म्हणाली. “राहा.”

कडी खट्‌ करून सुटली. थोरलीने फाटक ढकललं आणि ती जिना चढायला लागली, फार सावकाश नाही.

जावईबापू हत्यारं गोळा करत होते, तेवढ्यात फाटक कुजबुजलं.

“जावईबापू. आहात का?”

“आहे बाबा.”

“गेली का ती वर?”

“निघाली.”

“मग तुम्हीही या. आधी पोचा. तारेवर ठीक होतं, समोरासमोर मला तिच्याशी बोलता येत नाही.”

जावईबापूंनी पक्कड तिथेच टाकली. दोन-दोन पायऱ्या एकदम चढत ते निघाले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थोरलीला भिंतीशी सारून, “माफ करा ताई, मला बोलावणं आहे,” म्हणत पुढे गेले.